डावीकडचं दार

वसमत रोडला, टायरच्या दुकानामागं
इलियासचं शटर कायम अर्धंच वर.
आत पाटी: जगात जर्मनी, भारतात परभणी.
खाली बारीक अक्षरांत:
जर्मन स्पीकर मिळतील. उधारी बंद.

माझी गाडी सेकंडहँड, पांढरी.
आधीच्या मालकाचं लिंबू अजून बंपरला सुकतंय.
इलियासनं कंपनीचा टेप लावला,
मान तिरकी केली, आणि तळहात ठेवला दारावर
गाभण म्हशीच्या पोटावर ठेवतात तसा.
"सर, स्पीकर कागदाचा. तो बोलायलाय
आणि पत्रा नुसता हो हो करायलाय."

मग त्यानं दार सोललं.
निघाला पुठ्ठ्याचा स्पीकर, त्याला
चुन्याच्या डबीएवढं चुंबक,
आणि तळाशी एक रुपया, मानवत–सेलू एसटीचं तिकीट,
कुणाच्या तरी बांगडीचा हिरवा तुकडा,
अन् काळी माती, हरभरा उगवला असता एवढी.
हे सगळं खुळखुळत होतं इतके दिवस,
आणि मी समजत होतो,
गाणंच तसं आहे.

डांबरी पट्ट्या चिकटवून तो रोलर फिरवत राहिला.
मी विचारलं, कंपनीनं हे कोणासाठी बसवलं होतं?
"जो बसंल त्याच्यासाठी, सर.
त्यांचं बी काय चुकलं?
त्यांना कुठं माहीत होतं, तुम्ही बसणार म्हणून."

ट्यूनिंग रात्री. शेजारचा कॉम्प्रेसर बंद झाल्यावर.
माझ्या डोक्याच्या उंचीवर माइक टांगून
इलियास लॅपटॉपवर वाकला.
उजवा स्पीकर जवळ, डावा लांब.
जवळच्याला जरासं अडवून धरायचं,
एका सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले दोन-तीन,
लांबचा पोचेपर्यंत.
मग दोघं मिळून आवाज उभा करतात समोर,
काचेवर, वायपरच्या मधोमध.

माइकला तो तिथंच दिसला.
मी बसलो, तर बाई गात होती
उजव्या आरशापाशी.

वायरी बघितल्या. स्पीकर अदलाबदल केले.
बाई आरशापाशीच.
इलियासनं माझ्या दोन्ही कानांजवळ
आळीपाळीनं चुटकी वाजवली.
"सर, कामाला कुठं असता?"
मानवतला, जिनिंगमध्ये. बावीस वर्षं.
"मशीन कोणत्या अंगाला?"
मी डावा हात वर केला,
आणि तो तसाच राहिला थोडा वेळ.

तो पुढं काही बोलला नाही.
डावी बाजू साडेचार डेसिबलनं चढवली.
बाई आरशावरून सरकली, स्टिअरिंगवरून गेली,
आणि काचेवर मधोमध येऊन
तिनं तान घेतली. तिच्या श्वासाचा आवाजसुद्धा आला.
बावीस वर्षांत प्रथमच मला
उजवं-डावं सारखं होतं.

रविवारी वैजयंता बसली. डावीकडं,
अकरा वर्षं बसते तिथंच.
दार ओढलं. थप्प.
पूर्वी पिंपाचं झाकण पडल्यासारखं वाजायचं.
"दार भारी केलं," म्हणाली.
मग गाणं लागलं आणि तिनं कान झाकला.
"सगळं माझ्याच अंगावर यायलंय की."

मी सांगितलं. चुटक्या, डेसिबल, मशीन.
जिंतूर नाका गेला, तरी ती गप्प.
"म्हणजे त्या दिवशी पाथरीच्या रस्त्यानं
मी जे बोलले..."
काय बोललीस?
बाहेर बाभळीला कापसाचे पुंजके अडकलेले.
तिचे ओठ हलले, तेवढे दिसले.

इलियासनं दोन बटणं दिलेली.
पहिलं माझं. दुसरं, त्याच्या भाषेत,
जो बसंल त्याचं.
मी दुसरं दाबलं. बाई गेली आरशापाशी.
मग सगळंच बंद केलं,
मान पुरती डावीकडं वळवून
उजवा कान तिच्यासमोर धरला.
आता बोल, म्हटलं.

"आधी समोर बघा," ती म्हणाली.